पाटीवरची अक्षरं वाचूया

  आम्ही बचत गटांच्या समन्वयक. आज आम्ही बोलणार आहोत बायकांच्या डॉक्टरांविषयी, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांविषयी. हे डॉक्टर काय शिकलेले असतात, किती वर्षं शिकतात, आणि त्यांच्याकडे जाताना आपण काय बघायचं, काय विचारायचं, एवढाच आजचा विषय.

बियाण्याची पिशवी घेताना आपण काय करतो? वाण बघतो, तारीख बघतो, पावती मागून घेतो. पण पोटातल्या पिशवीची वेळ आली की मात्र कुणीतरी सांगतं, "तालुक्याला बसस्टँडमागे एक दवाखाना आहे, हाताला गुण आहे," आणि आपण निघतो. हाताला गुण असतो, आम्ही नाही म्हणत नाही. पण तो हात कुठे आणि किती वर्षं काम शिकला, हे दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ते वाचायचं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

हा विषय गटाच्या बैठकीत का आणला, ते आधी सांगतो. गटाची कर्जवही उघडून बघा. कारणाच्या रकान्यात शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी असते आणि पुन्हा पुन्हा एक शब्द येतो, "दवाखाना". त्यातही बाळंतपण, सिझर आणि पिशवीचं ऑपरेशन. हप्ते तर आपण फेडतोच. पण ज्या कामासाठी कर्ज काढलं ते योग्य माणसाने, योग्य कारणासाठी केलं का, हे आधी विचारलेलं बरं. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.

आता पाटी वाचूया.

पहिली अक्षरं, एम.बी.बी.एस. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मुलं-मुली या शिक्षणाला जातात. साडेचार वर्षं अभ्यास आणि त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, ज्याला इंटर्नशिप म्हणतात. मिळून साडेपाच वर्षं. हे डॉक्टर सगळ्या आजारांचं मूळ शिक्षण घेतलेले असतात. साधं बाळंतपणही त्यांना शिकवलेलं असतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी बहुधा हेच शिकलेले असतात.

पण नुसतं एम.बी.बी.एस. म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे. तज्ज्ञ व्हायला पुढे आणखी शिकावं लागतं. पाटीवर एम.डी. किंवा एम.एस. आणि त्यापुढे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र असं लिहिलेलं असेल, तर ते आणखी तीन वर्षं फक्त याच विषयात शिकले आहेत. एम.डी. मोठं की एम.एस. मोठं, असं आम्हाला बऱ्याच जणी विचारतात. या विषयात दोन्ही सारखंच. डी.एन.बी. असं लिहिलं असेल तर तेही तज्ज्ञाचंच शिक्षण, परीक्षा घेणारी संस्था वेगळी. डी.जी.ओ. म्हणजे याच विषयातली दोन वर्षांची पदविका. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत वर्षानुवर्षं बाळंतपणं करणारे कितीतरी डॉक्टर डी.जी.ओ. आहेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एम.डी. ही अक्षरं इतर विषयांतही असतात. औषधशास्त्राचे एम.डी. असतात, लहान मुलांचे असतात, त्वचेचे असतात. म्हणून नुसतं एम.डी. वाचून थांबायचं नाही. त्यापुढे विषय कोणता लिहिला आहे, ते बघायचं.

या तीन वर्षांत ते करतात काय? पुस्तकं तर वाचतातच, पण मुख्य शिक्षण वॉर्डात होतं. मोठ्या रुग्णालयात दिवसपाळी, रात्रपाळी. आधी वरिष्ठांच्या शेजारी उभं राहून बघायचं, मग त्यांच्या हाताखाली करायचं, मग वरिष्ठ बघत असताना स्वतः करायचं. अडलेलं बाळंतपण, आडवं मूल, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, नळीत राहिलेला गर्भ, पिशवीतल्या गाठी, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, मूल न होणं, पाळी जाण्याच्या वयातले त्रास, हे सगळं त्या काळात हाताखालून जातं. एक प्रबंध लिहावा लागतो. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. अलीकडच्या नियमांनुसार या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. म्हणजे जिल्हा रुग्णालयात तुम्हाला एखादी तरुण डॉक्टर दिसली आणि "ही अजून शिकतेय" असं कुणी सांगितलं, तरी ती साडेपाच वर्षं शिकून डॉक्टर झालेली असते आणि वर तज्ज्ञ व्हायला शिकत असते. तिला कमी समजू नका. तिच्या वर कोण आहे, एवढं विचारा.

आता ही अक्षरं मिळवायला एखाद्या बाईला काय करावं लागलं, त्याची एक गोष्ट सांगतो. आनंदीबाई जोशी सगळ्यांना ठाऊक आहेत. १८८६ साली त्या अमेरिकेत एम.डी. झाल्या, पण आजारी होऊन परतल्या आणि १८८७ साली पुण्यात वारल्या. शिकलेलं वापरायला आयुष्य मिळालं नाही. त्यांच्यानंतरच्या एका डॉक्टरांचं नाव मात्र फार कमी जणींनी ऐकलं आहे. डॉ. जेरुशा झिराड. झिराड हे अलिबागजवळचं गाव, त्यावरून आडनाव. बेने इस्रायल समाजाच्या, म्हणजे कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे त्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या. जन्म १८९० सालचा. लहानपणी मोठी बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये बरी झाली. कामा हे बायकांसाठी काढलेलं आणि बाई डॉक्टर असलेलं रुग्णालय. तेव्हाच या मुलीने ठरवलं, आपणही डॉक्टर व्हायचं.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. पुढे विलायतेला जायचं, तर सरकारी शिष्यवृत्ती तेव्हा मुलींसाठी नव्हती. मग टाटांच्या शिक्षण निधीतून त्यांनी कर्ज घेतलं. बघा, तिथेही कर्जच. १९१९ साली त्या लंडनमध्ये स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या एम.डी. झाल्या. त्या विषयात तिथे ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री त्याच. ज्या कामा हॉस्पिटलात बहीण बरी झाली, त्याच रुग्णालयाच्या त्या १९२८ ते १९४७ प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतिणी का मरतात, याची पाहणी त्यांनी केली आणि १९४१ साली तिचा अहवाल छापला गेला. १९५० साली देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ स्थापन झाला, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की पाटीवरच्या दोन अक्षरांमागे वर्षं असतात, रात्री असतात, कर्जं असतात. ज्यांनी ती कमावली आहेत, त्यांना आपण "तुम्ही काय शिकलात" असं विचारलं तर राग यायचं कारण नाही. कमावलेलं सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

आणि अशा शिकलेल्या हातांचा उपयोग होतो, हे आकड्यांतही दिसतं. आपल्या महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. यात आशाताईंचा वाटा आहे, नर्सताईंचा आहे, गाडीचा, रक्तपेढीचा आणि दवाखान्यात जाऊन बाळंत होणाऱ्या आपल्या सगळ्यांचाही आहे.

आता पाटीवरची आणखी काही अक्षरं. बी.ए.एम.एस. म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर. बी.एच.एम.एस. म्हणजे होमिओपॅथीचे. यांचंही शिक्षण साडेपाच वर्षांचंच असतं, पण शास्त्र वेगळं. आयुर्वेदात प्रसूतितंत्र आणि स्त्रीरोग या विषयाचं एम.एस. असतं, तिथे पाटीवर एम.एस. पुढे आयुर्वेद असं लिहिलेलं असतं. गावात रात्री-अपरात्री दार उघडणारे डॉक्टर बहुधा यांतलेच असतात, ते आपण विसरत नाही. आम्ही कुणाला उणं म्हणत नाही. पण सुताराचं काम वेगळं, लोहाराचं वेगळं. आपल्यावर कोण काय करणार आहे, हे आपल्याला माहीत हवं.

पाटीवर आणखी एक गोष्ट शोधायची, ती म्हणजे नोंदणी क्रमांक. एम.बी.बी.एस. आणि त्यापुढे शिकलेल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम सांगतात की हा क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पैशांच्या पावतीवरही लिहायचा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांना नवं शिक्षण घेत राहावं लागतं. म्हणजे चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक बघणं हा काही आगाऊपणा नाही. आपल्या गटालाही नोंदणी असते, आपणही ती शिक्क्यावर मिरवतो.

पाटी इंग्रजीत असेल तर काय करायचं? फोनमध्ये फोटो काढायचा आणि घरातल्या दहावी-बारावीच्या पोरीकडून वाचून घ्यायचा. नाहीतर आशाताईंना दाखवायचा.

आता महत्त्वाचं. कोणत्या कामाला कोण? सगळं ठीक असलेलं बाळंतपण प्रशिक्षित नर्सताई आणि वैद्यकीय अधिकारी नीट करतात, त्यासाठी शहरात धावायची गरज नसते. पण आधीचं सिझर असेल, जुळं असेल, रक्तदाब वाढला असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल, मूल आडवं असेल, तर तज्ज्ञ हवेत. हे नवव्या महिन्यात कळून उपयोग नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी. २०१६ पासून ही योजना आहे. त्या दिवशी जायचं आणि सरळ विचारायचं, "माझं बाळंतपण कुठे करावं? तिथे तज्ज्ञ आहेत का?" ग्रामीण रुग्णालयाची इमारत मोठी दिसते म्हणून तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असतीलच असं नाही, जागा रिकामीही असू शकते. आशाताईंकडून आधीच माहिती काढून ठेवा.

सिझर ठरलं तर आणखी दोन माणसांची चौकशी करायची. भूल कोण देणार, आणि बाळाकडे कोण बघणार? भूलतज्ज्ञ हे वेगळे डॉक्टर असतात, त्यांचंही वेगळं शिक्षण असतं. आणि रक्त लागलं तर कुठून येणार, हेही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बाई रक्ताने भिजली आहे, झटके येताहेत, बेशुद्ध पडली आहे, अशा वेळी पाट्या वाचत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जो दवाखाना जवळ आहे तिथे पोचायचं. पाटी वाचायची ती हाताशी वेळ असताना.

आणि पिशवीच्या ऑपरेशनला वेळ बहुतेकदा असतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं २०१९ साली पेपरात आलं होतं. कोयत्याला जोडी लागते, एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, कंबर दुखणं, हे सगळं घेऊन बाया दवाखान्यात जायच्या आणि पिशवी काढून यायच्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशीतल्या बायाही होत्या.

पाटीवर मोठी अक्षरं असली म्हणजे ऑपरेशन गरजेचंच असतं, असं नाही. अक्षरं सांगतात की या माणसाला हे काम येतं. ते काम आपल्याला आत्ता लागतं का, हा दुसरा प्रश्न. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग बाहेर येत असेल, तर ऑपरेशन लागू शकतं. पण नुसतं पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर पिशवी काढायची नसते. बरेचदा औषधाने भागतं. आणि पिशवीबरोबर अंडाशय काढले तर पाळी जाण्याच्या वयाचे त्रास एकदम सुरू होतात. अंगातून वाफा येणं, झोप न येणं, हाडं ठिसूळ होणं. म्हणून "पिशवी काढू" असं ऐकलं की विचारायचं, अंडाशय ठेवणार की काढणार? औषधाने भागेल का? थांबलं तर काय होईल? आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्यायचं. जिल्हा रुग्णालयात ते कमी खर्चात मिळतं.

सहीचंही सांगतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका बाईने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिची पिशवी आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जीव धोक्यात नव्हता, बाई शुद्धीवर आल्यावर स्वतः ठरवू शकली असती, म्हणून आईची संमती चालत नाही. सज्ञान बाईच्या शरीराचा निर्णय तिचा. गर्भपाताच्या कायद्यातही अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. आणि आपल्या उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं त्याच २००२ च्या नियमांत आहे. कागद जपून ठेवा. दुसरं मत घ्यायला तेच लागतात.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अगं, डॉक्टरला विचारायचं म्हणजे त्यांचा अपमान नाही का? उद्या नीट बघितलं नाही तर?" ही भीती खरी आहे. एकटीला विचारणं अवघड जातं. म्हणून एकटीने जायचं नाही. गटातली एक जण बरोबर न्यायची, आणि आवाज न चढवता, हात जोडून विचारायचं. शब्द आम्ही देतो. "डॉक्टर, ऑपरेशन आपणच करणार का? आपण यातले तज्ज्ञ आहात ना? भूल कोण देणार? खर्च किती येईल? हे केलं नाही तर काय होईल?" पाच वाक्यं. दोन मिनिटं लागतात. चांगले डॉक्टर उत्तर देतात, उलट बाई समजून घेतेय म्हणून त्यांनाही बरं वाटतं. जे खेकसतात, तिथून कागद घेऊन दुसरीकडे जायला आपण मोकळ्या असतो.

काही जणी म्हणाल्या, मग गटाने असा नियमच करावा, हे प्रश्न विचारल्याशिवाय ऑपरेशनचं कर्ज द्यायचं नाही. आमचं मत तसं नाही. अडल्या बाईचं कर्ज अडवायचं नाही, तातडीचं असेल तर रात्रीसुद्धा पेटी उघडायची. पण जिथे पुढची तारीख मिळालेली आहे, तिथे कर्जाबरोबर एक सोबतीण द्यायची. पैसे गटाचे जातात, तर गटातलं माणूसही जाऊ दे.

पुढच्या मासिक बैठकीसाठी एक काम. प्रत्येकीने आपण जातो त्या दवाखान्याची पाटी बघून यायची. नाव, शिक्षण, विषय आणि नोंदणी क्रमांक, या चार गोष्टी. गटाच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवा. त्याच पानावर आपल्या भागात स्त्रीरोगतज्ज्ञ कुठल्या सरकारी रुग्णालयात, कुठल्या वारी असतात, हेही आशाताईंना विचारून लिहा. ज्या दिवशी कुणाच्या घरी कळा सुरू होतील किंवा कुणाला ऑपरेशनची तारीख मिळेल, त्या दिवशी ते पान उघडायचं.

बरंय मग मैत्रिणींनो. पान भरून झालं की आम्हाला कळवा. नमस्कार.